साडेचार फुटाची काठी

केदारखेड्यात कुणालाबी विचारा, गावात तोंडानं फटकळ कोण, तर बोट आमच्या दाराकडंच येईल. मी न्हाई म्हणत न्हाई. चाळीस वर्षं झाली ब्लाऊज शिवून राह्यले. बाया माप देताना पोट आत ओढतात, श्वास धरून उभ्या राहतात, आणि शिवून नेलं की दुसऱ्या दिवशी परत येऊन म्हणतात, प्रभावतीबाई, घट्ट केला वो तुम्ही. अशानं देवमाणसाचंबी डोकं फिरंल. आमचे अण्णासाहेब मात्र शांत. घर पेटलं तरी हा माणूस अगोदर चप्पल शोधंल. त्यांचा शांतपणा बघून मला आणखी राग येतो, असा आमचा संसार.

अण्णासाहेब वनखात्यात मजूर होते, आता रिटायर. गावाच्या वरच्या अंगाला खात्याची एक टेकडी हाय. कडूलिंब, सागवान, धावडा, सालई असं रान हाय तिच्यावर. एकोणीस वर्षांमागं जालन्याच्या एका कॉलेजातले राजानंद सर तिथं आले. त्यांनी एकशे एक्केचाळीस झाडं निवडली आणि अण्णासाहेबांच्या हातून एकेकाला नंबराचा पत्रा ठोकून घेतला. दरसाल मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ह्या झाडांचा घेर मोजायचा आणि वहीत लिहायचा, असं काम ठरलं. घेर जमिनीपासून साडेचार फुटावरच घ्यायचा, ना वर ना खाली. साऱ्या दुनियेत तसाच घेतात म्हणे. झाडांना तिथं रंगाचा पट्टा मारायचा होता, पर रंगाचा डबा मंजूर होता होता राहिला. मंग सरांनी सागाची एक काठी बराबर साडेचार फुटावर कापून दिली. काठी बुंध्याला लावायची, तिचं वरचं टोक जिथं येईल तिथं टेप गुंडाळायची. नंबराचे पत्रेबी त्याच टोकाला खिळ्यानं ठोकले.

हे सगळं कशापायी, असं मी तवा विचारलं होतं. अण्णासाहेबांनी चहा पिता पिता सरांचं सांगणं मला सांगितलं. हवा बदलत चालली हाय. ऊन दरसाल थोडं वाढून राह्यलं, पाऊस एकदम येतो आणि मंग महिना-महिना तोंड दाखवत न्हाई. अशात झाडं किती जाड होतात, रान किती लाकूड देतं, किती पाला आणि किती फळ देतं, ते बघायचं. ऊन फार झालं की झाड पानांची तोंडं मिटून घेतं, आतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून. पर तोंड मिटलं की जेवणबी बंद. वर रातीबी हवा थंड होईना, म्हणजे दिवसा जे काय कमावलं ते रातीच खाऊन बसायचं. मंग बुंधा जाड व्हायला उरणार काय?

मला हे पटलं. शेजारच्या गोजरबाईला मी हे जसंच्या तसं सांगितलं, तर ती म्हणाली, प्रभा, झाडाला कळतं बघ, तू एकदा तोंड मिटून दाखव. ही गोजरबाई अशीच. अण्णासाहेब झाडाभोवती टेप गुंडाळताना दोन्ही हात पसरून बुंध्याला कवटाळतात, ते बघून तिनं गावभर केल्तं की अण्णासाहेबाला घरी कोणी मिठी मारू देत न्हाई, म्हणून टेकडीवर जातो.

पहिली दहा वर्षं नीट गेली. मंग आमच्या पोराचं, आर्यनचं लग्न झालं. वरातीत बॅंजो लागला आणि एकसष्ट वर्षांचे अण्णासाहेब नाचायला उतरले. मी तीनदा हाताला धरून बसवलं, चौथ्यांदा त्यांनी उडी मारली आणि गुडघ्यातून काडकन आवाज आला. तो गुडघा काही परत सरळ झाला न्हाई. टेकडीवर जायचं तर रोज होतंच, कारण रिटायर झाले तरी त्यांना झाडांना बघितल्याबिगर गोड लागायचं न्हाई. मंग मोजायची काठी टेकायची झाली. वर्षातले तीन-चार दिवस ती मोजायची आणि उरलेलं वर्षभर ती टेकडीच्या दगडांवर टकटक करत ह्यांना वर न्यायची आणि खाली आणायची.

घरी आली की तिची जागा ठरलेली. चुलीच्या वरच्या भिंतीत अण्णासाहेबांनी पहिल्याच साली दोन खुंट्या ठोकल्या, त्यांच्यावर काठी आडवी. दोन्हीकडं चार-चार इंच बाहेर यायची. तिच्यावर मी ओले कपडे टाकायची आणि अण्णासाहेब ओरडायचे की ती सरकारी काठी हाय. ओरडायचे म्हणजे शांतपणे सांगायचे.

दर मे महिन्यात मोजणी करून आले की माणूस खुशीत. वही दाखवायचे. एक्केचाळीस नंबरचा कडूलिंब त्यांचा लाडका. बुडाशी चांगला रुंद, त्याच्याच सावलीला बसून भाकर खायची. आर्यनच्या खबरीअगोदर मला त्या झाडाची खबर मिळायची. एवढं ऊन पडलं तरी वाढलं म्हणायचे. आणि नुसता बुंधा न्हाई, झाड उंचबी होऊन राह्यलं. पत्रा काठीच्या बराबर ठोकला होता, तो काठीच्या वर बोटभर गेला. दुसऱ्या साली आणखी बोटभर. झाड पत्र्याला खांद्यावर घेऊन वर चाललंय, असं म्हणायचे. मलाबी खरंच वाटायचं. लेकरू वाढलं की त्याच्या सदऱ्याचा खिसा वर जातोच की.

तर दोन वर्षांमागं राजानंद सर वही बघता बघता खुर्चीतून उठलेच. त्यांचं म्हणणं असं की दुसऱ्या ठिकाणची रानं उन्हानं थबकली, वाढायची बंद झाली, आणि केदारखेड्याची टेकडी मात्र थांबायला तयार न्हाई. ज्या साली पावसानं दगा दिला, ओढे जानेवारीतच आटले, त्याच साली इथल्या झाडांनी सगळ्यात जास्त जोर धरला होता. सरांना काही उमजंना. मातीत काही हाय, खडकात पाणी हाय, का झाडांची जातच वेगळी हाय, असं ते बोलत राहिले. अण्णासाहेब म्हणाले, माया लागते झाडांना. सरांनी तेबी लिहून घेतलं.

ही गोष्ट बालकिशनजींच्या कानावर गेली. जुन्या जालन्यात त्यांची धान्याची आडत. पिढ्यांमागं राजस्थानातून आलेलं घर, बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी आणि सगळं मोठ्यानं. त्यांनी शहराबाहेर रोपांची नर्सरी काढल्ती. त्यांनी गेल्या साली आमच्या टेकडीवरच्या निंबोळ्या पोत्यानं नेल्या आणि वीस हजार रोपं केली. नाव ठेवलं केदार लिंब. जाहिरातीच्या बोर्डावर एक्केचाळीस नंबरच्या झाडाला टेकून उभे असलेले अण्णासाहेब, हातात काठी, आणि खाली लिहिलेलं, ऊन वाढे तसा वाढे. तो फोटो मी जाऊन-येऊन गोजरबाईला सतरा वेळा दाखवला. तिनं सतराव्या वेळी मान्य केलं की झाड चांगलं आलंय.

औंदा पर्यावरण दिनाला नवीन जालन्यात, स्टेशनजवळच्या एका हॉलमधी कार्यक्रम ठरला. सर आपला शोध सांगणार, बालकिशनजी रोपं वाटणार आणि अण्णासाहेबांचा सत्कार. मी त्यांच्यासाठी पांढरा सदरा शिवला. जन्मभर लोकांचे कपडे शिवले, नवऱ्यासाठी शिवायला कधी स्टेजचा मोकाच मिळाला नव्हता. कार्यक्रमाच्या अगोदरच्या सकाळी सदरा धुवून, नीळ देऊन, घाईघाईत चुलीवरच्या काठीवर टाकला. खाली जमिनीवर आदल्या दिवशी कांडून आणलेल्या वर्षाच्या लाल तिखटाचं घमेलं होतं. मी पाठ वळवली आणि धप् आवाज झाला.

काठी खुंटीवरून निसटली होती. काठी, सदरा आणि मी, तिघंबी लाल. मी शिंकून राह्यले, अण्णासाहेब शिंकून राह्यले, भिंतीपलीकडं गोजरबाई शिंकून राह्यली आणि तिकडून विचारून राह्यली की सकाळी सकाळी काय मारलं. मी अण्णासाहेबांना म्हणलं, तुमच्या खुंट्या बघा, चार इंच बाहेर यायची काठी आता टेकायलाबी पुरंना. ह्यांनी चष्मा लावून दोन्ही खुंट्या बघितल्या, भिंतीला हात लावला आणि शांतपणे निकाल दिला. उष्णतेनं वस्तू प्रसरण पावतात. सरांनी सांगितल्तं. भिंत फाकली असंल.

आता नाचता येईना अंगण वाकडं ह्याला मी चाळीस वर्षं सरावले हाय, पर भिंत वीतभर फाकली आणि छपराचा पत्रा, खालची चूल जिथल्या तिथं, हे माझ्याच्यानं ऐकवंना. गळ्यात टेप होतीच. काठी मोजली. सत्तेचाळीस इंच.

अण्णासाहेब म्हणाले, टेप कापडी हाय, उन्हानं ताणली असंल. मंग मात्र मी मशीनखालचा लोखंडी गज काढला. जुन्या जालन्यातल्या कापडाच्या दुकानातून सासूबाईंनी आणलेला, शिक्का मारलेला. साडेचार फूट म्हणजे बराबर दीड गज. काठी गजाला लावली. एक गज आणि वर अकरा इंच. सात इंच काठी घरात न्हाई, दारात न्हाई, कुठंच न्हाई.

अण्णासाहेबांनी काठी उलटी धरली. खालचं टोक झिजून गोल झालेलं, वर तासल्याच्या खुणा. मी विचारलं, ही तासली कोणी. ते म्हणाले, दगडानं फाटायची, म्हणून दोनदा खालून कापली. मी म्हणलं, मोजायची काठी कापली? तर म्हणतात, खालून कापली गं, वरच्या टोकाला हात न्हाई लावला, मोजायचं तर वरच्याच टोकाला असतं ना.

मी कपाळावर हात मारला आणि तिथंबी तिखट लागलं. मंग मी त्यांना माझ्या धंद्यातलं सांगितलं. छातीचं माप घेता घेता टेप खाली घसरली तर पोटाचं माप येतं. बाई वाढली न्हाई, टेप घसरली. झाड बुडाशी जाड असतं, वर बारीक होत जातं. तुमची काठी दरसाल झिजली, तुम्ही दरसाल थोडं खाली मोजलं, म्हणून झाड दरसाल जाड भरलं. ज्या साली पाऊस न्हाई झाला त्या साली वणवा लागंल म्हणून तुम्ही दिवसातनं तीन-तीन चकरा मारल्या, काठी जास्त झिजली आणि झाडं जास्त वाढली. तुमचा गुडघा जितका दुखला तितकं ते झाड वहीत फुगलं.

हे सगळं मी एका दमात बोलले. बोलता बोलता त्यांचं तोंड बघितलं आणि शेवटचा शब्द गिळला, पर तवर उशीर झाल्ता. अण्णासाहेब घमेल्याजवळ खाली बसले. एकोणीस वर्षांत हजेरीला एक दिवस खाडा न्हाई, वहीत एक आकडा अंदाजानं लिहिला न्हाई. पावसात वही छातीशी धरून, स्वतः भिजून घरी आलेला माणूस. त्याच्याजवळ दुसरं काय होतं? शिक्षण न्हाई, हुद्दा न्हाई. अण्णासाहेबाचा आकडा खोटा नसतो, एवढंच एक नाव होतं. ते नाव मी चुलीपुढं गजानं मोजून कमी भरवलं होतं.

मला लई वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी जास्त बोलते. मी म्हणलं, जाऊ द्या. काठीचं तुम्हाला माहीत, मला माहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या शाल घ्या, नारळ घ्या, परवा गुपचूप नवी काठी कापू. कोण येतंय टेकडीवर गज घेऊन? अण्णासाहेब त्या राती जेवले न्हाईत. मी सदरा तीनदा धुतला, तरी काखेत गुलाबी राहिलाच.

दुसऱ्या दिवशी एसटीत माझ्या शेजारी बसले. दोन गुडघ्यांच्या मधी काठी उभी धरलेली. राजूर गेलं, तरी माणूस बोलंना. मी मनात म्हणत होते, बोलले न्हाईत म्हणजे झाकणार. आणि मनातच म्हणत होते, झाकलं तर बरं होईल, आणि झाकलं तर हा माणूस परत त्या झाडाखाली भाकर कसा खाईल. दोन्ही एकदम वाटून राह्यलं होतं.

हॉल गच्च भरलेला. स्टेजवर फुलं, बोर्डावर आमचे अण्णासाहेब माणसापेक्षा मोठे. मला पहिल्या रांगेत बसवलं. राजानंद सर बोलले. सर विद्वान माणूस, अंगानंबी भरलेले. पडद्यावर रेघा दाखवल्या. दुसऱ्या रानांच्या रेघा खाली गेलेल्या, आमची एकटी वर चाललेली. मला त्या रेघेत ह्यांचा गुडघा दिसून राह्यला होता. मंग बालकिशनजींनी शाल घातली आणि सत्काराची वस्तू म्हणून एक नवी कोरी, पितळी मुठीची काठी अण्णासाहेबांच्या हातात दिली. मला हसू आलं, ते मी पदरात दाबलं.

तेवढ्यात स्टेजखालून पुष्पाबाई उठल्या. भोकरदनकडच्या एका गावच्या सरपंच. त्या म्हणाल्या, आमच्या गावानं आजवर चार वेळा झाडं लावली, चारबी वेळा उन्हानं खाल्ली. आता गावात कोणी खड्डे खणायला तयार नव्हतं. मी सांगितलं, ही केदारखेड्याच्या अण्णासाहेबांची रोपं हायेत, त्या माणसानं एकोणीस वर्षं मोजून बघितलंय, ही उन्हात मरत न्हाईत. त्या शब्दावर बायांनी दोन हजार खड्डे घेतलेत, आणि पाणी घालायला कोणी नेमला न्हाई, कारण गरजच न्हाई म्हणे.

अण्णासाहेब उभे राहिले. दोन्ही हातांत दोन काठ्या. जूनचा उकाडा, पंखे गरम हवा फेकून राह्यलेले, आणि घाम सुटला तसं सदऱ्यातलं तिखट जागं झालं. ह्यांनी मान खाजवली, खांदा खाजवला, पाठीला हात पोचंना म्हणून जुन्या काठीनं पाठ खाजवली. मंग तोंड पुसायला बाही डोळ्याला लावली आणि डोळे जे वाहायला लागले ते थांबंनात. लोकांना वाटलं, सत्कारानं म्हाताऱ्याला भरून आलं. टाळ्या सुरू झाल्या. जितक्या टाळ्या तितकं पाणी. बालकिशनजींनीबी रुमाल काढला.

अण्णासाहेबांनी माईक धरला आणि म्हणले, "टाळ्या थांबवा. झाडं वाढली न्हाईत. माझी काठी झिजली."

कोणाला काही कळंना. सर हसले, त्यांना वाटलं गंमत हाय. अण्णासाहेबांनी पहिल्यापासून सांगितलं, सांगायचं ते सगळं सांगितलं. गुडघा, दगड, तासणी, खुंट्या, तिखट. पत्रा वर गेल्याचंबी सांगितलं. म्हणाले, मला वाटलं झाड पत्र्याला वर घेऊन गेलं. तवा सरांनी डोक्याला हात लावला. झाड शेंड्याला वाढतं, बुंध्यात ठोकलेला खिळा शंभर वर्षांनीबी जिथला तिथंच राहतो. खिळा वर गेला न्हाई, काठी खाली आल्ती. नऊ वर्षं तो खिळा ह्यांच्या डोळ्यापुढं खरं सांगून राह्यला होता आणि हे त्याला शाबासकी देऊन राह्यले होते.

मागच्या रांगांना ऐकू गेलं तरी समजलं नव्हतं. अण्णासाहेबांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, प्रभा, टेप घेऊन वर ये. मी गेले. टेप गळ्यात होती, लाज घरी ठेवल्ती. अगोदर काठी मोजून दाखवली. मंग कुणाला तरी मोजायला पाहिजे होतं आणि जवळ सरच उभे होते. सरांच्या छातीला टेप लावली, बेचाळीस. मोठ्यानं सांगितलं. मंग टेप सात इंच खाली घसरू दिली, सत्तेचाळीस. सरांनी सवयीनं पोट आत ओढलं, मी म्हणलं, सर, श्वास सोडा, झाड पोट आत घेत न्हाई. सगळा हॉल हसला. मी लोकांना विचारलं, सर आत्ता इथं उभ्या उभ्या पाच इंच वाढले का? मंग सगळ्यांना समजलं. पुष्पाबाईंनाबी समजलं, कारण त्या हसल्या न्हाईत.

अण्णासाहेबांनी परत माईक घेतला. पुष्पाबाईंना हात जोडून म्हणाले, "ताई, खड्डे बुजवू नका. रोपं न्या, लावा. पर ती साधीच लिंबं हायेत, उन्हात त्यांनाबी तहान लागते. पाणी घालायला माणूस नेमा."

एवढं बोलून खाली बसले. कोणी टाळी वाजवली न्हाई. मला वाटलं, गेलं. एकोणीस वर्षांचं नाव स्टेशनजवळच्या हॉलमधी पाच मिनिटांत गेलं, आणि जाताना वर मी सरांचं पोट मोजलं.

मंग बालकिशनजी उठले. बोर्डावरच्या त्या अक्षरांकडं त्यांनी एकदा बघितलं. म्हणाले, मेरा काटा हर साल इन्स्पेक्टर तपासतो, वजनांवर शिक्का मारतो. शिक्का नसला तर मी पोतं मोजू शकत न्हाई. वजनसुद्धा घासून हलकं होतं, हे आमच्या दुकानातल्या हमालालाबी माहीत हाय. मंग ते राजानंद सरांकडं वळले आणि नेहमीसारखं मोठ्यानं न बोलता विचारलं, "सर, अण्णासाहेबांची काठी एकोणीस सालात किसने पास की?"

सरांनी मान खाली घातली. एकोणीस वर्षांत ते काठी बघायला एकदाबी आले नव्हते, वही बघायला यायचे. ते त्यांनी तिथंच कबूल केलं. मला सर त्या दिवशी पहिल्यांदा आवडले. बालकिशनजींनी बोर्ड उतरवला, रोपं साधी लिंबं म्हणून दिली आणि प्रत्येक गाडीबरोबर पाणी घालायचं लेखी वचन घेतलं. पुष्पाबाई जाताना अण्णासाहेबांना म्हणाल्या, पाणी घालणारा माणूस नेमते, पर पुढच्या साली मोजायला तुम्हीच या. आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, ह्यांनाबी आणा.

तिसऱ्या दिवशी सकाळी सर आमच्या घरी आले, संगं साडेचार फुटाची लोखंडी सळई, कारखान्याचा शिक्का मारलेली. मी अगोदरच नियम लावला होता. पितळी मुठीची काठी टेकायची, सळई मोजायची, आणि सळईवर ओला कपडासुद्धा टाकायचा न्हाई. सरांनी मला विचारलं, हा गुडघा नेमका कधीपासून दुखतो. मी लग्नपत्रिका काढून तारीख सांगितली. सर म्हणाले, म्हणजे लग्नाआधीच्या दहा वर्षांत काठी झिजलेली नव्हती, ते आकडे खरे धरता येतील. पुढची नऊ वर्षं गेली, पर आज खिळ्यापाशी मोजलं तर नऊ वर्षांची मिळून वाढ किती, ते कळंल. शास्त्राच्या वहीत आता आर्यनच्या वरातीची तारीख हाय.

मंग टेकडीवर जाऊन सळई एक्केचाळीस नंबरला लावली. टोक बराबर खिळ्याला भिडलं. खिळा केसभरबी हलला नव्हता. टेप माझ्या हातात होती. जुन्या वहीत लग्नाआधीच्या मे महिन्यातला आकडा होता, अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर. झिजक्या काठीनं औंदा पंच्याण्णव भरला होता. मी टेप गुंडाळली. साडेएकोणनव्वद.

अण्णासाहेब म्हणाले, परत मोज. मी परत मोजलं. तेवढंच. त्यांनी स्वतः कवटाळून मोजलं. तेवढंच. पहिल्या दहा वर्षांत हे झाड एका सालात जवळपास दीड सेंटिमीटर जाड व्हायचं. तेवढंच जाड व्हायला आता त्याला नऊ साल लागले होते. सरांनी हळू आवाजात सांगितलं की आजूबाजूच्या रानांचंबी असंच हाय, आपली टेकडी वेगळी नव्हती. मंग ते पुढच्या झाडाकडं निघून गेले.

अण्णासाहेब त्याच झाडाखाली बसले, जिथं रोज भाकर खातात तिथं. म्हणाले, मी दरसाल ह्याच्या पाठीवर थाप मारून राह्यलो, पठ्ठ्या, उन्हात वाढला म्हणून. आणि हे उपाशी होतं. नऊ साल उपाशी होतं आणि मी त्याच्याच सावलीला बसून जेवून राह्यलो होतो. बोलता बोलता त्यांचे डोळे वाहायला लागले.

मी म्हणलं, "तिखट अजून गेलं न्हाई वाटतं."

"हा सदरा दुसरा हाय, प्रभा," ते म्हणाले.

 मी वहीत एक्केचाळीस नंबरपुढं साडेएकोणनव्वद लिहिलं, पेन बंद केला आणि त्यांच्याजवळ तोंड मिटून बसले. गोजरबाई तिथं नव्हती, न्हाईतर तिला दाखवलं असतं.